मुशीतले सोने, वहीतला हिशेब

बेंगळुरूचा जुना गाभा म्हणजे ‘पेट’. केंपेगौडांनी इ.स. १५३७ मध्ये हे नगर वसविले, तेव्हा ज्या दोन रस्त्यांभोवती वस्ती वाढली, त्यांतील दोड्डपेट म्हणजे मोठी पेठ आणि चिक्कपेट म्हणजे धाकटी पेठ. दोड्डपेटेला आज अव्हेन्यू रोड म्हणतात. चिकपेटेने मात्र आपले नाव सोडलेले नाही. जून २०१७ मध्ये भुयारी मेट्रोचे स्थानक झाले तेही याच नावाने. या परिसराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. इ.स. १६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे होती. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी हे ठाणे घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांनी ते तीन लाख रुपयांना विकत घेतले, असे सांगतात. आज तेवढ्या रकमेत चिकपेटेतल्या चांगल्या गाळ्याची अनामतही क्वचितच भागेल!

प्रस्तुत लेखिकेची बदली काही वर्षांपूर्वी या पेठेतील शाखेत झाली. रेशमी साड्यांचे घाऊक व्यापारी आणि सराफ हे आपले मुख्य ग्राहक असणार, एवढी कल्पना होती. परंतु पहिल्याच आठवड्यात काउंटरवरील एका गृहस्थांनी माझे आडनाव वाचून विचारले, “ताई, तुम्ही कुठल्या म्हणायच्या?” मी कोल्हापूर म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ते विट्याजवळचे. त्यांच्या पाठीमागे रांगेत उभे असलेले दोघे आटपाडीचे निघाले. चिकपेट आणि लगतच्या नगर्तपेटेच्या बोळांमधून सांगली जिल्ह्यातील गलाई व्यावसायिकांचे केवढे मोठे जाळे पसरले आहे, हे मला त्या दिवशी समजले.

वाचकांपैकी अनेकांना हा व्यवसाय ऐकून माहीत असेल. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव, त्याचप्रमाणे साताऱ्याकडील खटाव-माण हा सारा पट्टा पर्जन्यछायेचा. शेतीचा भरवसा नाही म्हणून तेथील तरुण पिढ्यान् पिढ्या सोने-चांदी गाळण्याचे काम शिकून देशभर पांगले. सराफाकडे आलेले जुने दागिने मुशीत वितळवायचे, त्याचा टंच काढायचा, सोन्यात चांदी मिसळून पुन्हा रस करायचा, मग नत्राम्लात टाकून चांदी-तांबे विरघळू द्यायचे. तळाशी तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळविली की पिवळेधमक शुद्ध सोने हाती येते. आठ बाय दहाच्या खोलीत, भट्टीच्या धगीत आणि आम्लाच्या धुरात चालणारे हे काम आहे. त्यातील मजुरी ग्रॅमवर आणि विश्वास तोंडी शब्दावर.

या मंडळींचे अर्थकारण जवळून पाहण्याची संधी मला नोकरीमुळे मिळाली. वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात वैयक्तिक वित्तनियोजनाची जी सूत्रे शिकले, त्यांपैकी किती टिकतात आणि किती गळून पडतात, हे चिकपेटेने मला दाखविले.

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांना सारे ‘आबा’ म्हणतात. वय साठीच्या पुढे, पेठेत चाळीसहून अधिक वर्षे. ते स्वतः बेंगळुरूत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतात. गावी मात्र त्यांनी दोन मजली घर बांधले आहे. त्याला कुलूप असते आणि ते ग्रामदैवताच्या यात्रेला व दिवाळीला उघडते. अशी घरे त्या भागात गावोगावी आहेत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही मृत गुंतवणूक होय: भाडे नाही, उपभोग नाही, उलट दरवर्षी रंगरंगोटीचा खर्च. प्रारंभी मीही तसेच म्हणत असे. आबांनी एकदा शांतपणे सांगितले, “ताई, चाळीस वर्षं परक्या मुलखात राहिलेल्या माणसाला मयतीनंतर कुठं न्यायचं, ते ठरलेलं असावं लागतं.” त्यानंतर मी त्या घराला मृत गुंतवणूक म्हणणे सोडले. मात्र त्याच घराचा दुसरा मजला कर्ज काढून बांधावा काय, हा प्रश्न वेगळा आहे. त्याकडे पुढे वळू.

आबांची बचत म्हणजे सोने. “सोनं कवाबी इकता येतं,” हे त्यांचे पालुपद. जो माणूस दिवसभर इतरांचे सोने वितळवतो, त्याच्याशी सोन्याविषयी वाद घालणे धाडसाचेच. तरीही दोन गोष्टी मी त्यांच्यापुढे मांडल्या. पहिली त्यांना माझ्याहून चांगली ठाऊक होती: दागिना ही गुंतवणूक नव्हे. एक लाख रुपयांचे सोने आणि त्यावर बारा टक्के घडणावळ धरली तर एक लाख बारा हजार होतात. त्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण १,१५,३६० रुपये. तोच दागिना दुसऱ्या दिवशी मोडीत काढला तर हाती एक लाखाच्या आतच येणार. वरचे पंधरा हजार भट्टीच्या धुरात गेले. आबा हसून म्हणाले, “आमच्या भट्टीचं पोट त्यावरच हाय की.”

दुसरी गोष्ट त्यांना तितकीशी रुचली नाही. सोने दरवर्षी वाढतेच असे नाही. २०१२ साली दहा ग्रॅमला ३१ हजारांच्या आसपास असलेला सरासरी भाव २०१५ साली २६ हजारांच्या आसपास उतरला होता. अलीकडच्या वर्षांत भावाने जी झेप घेतली, तिच्यामुळे त्या तीन वर्षांचा विसर पडला आहे. ज्यांनी तेव्हा चढ्या भावात दागिने तारण ठेवून भरपूर कर्ज उचलले, त्यांच्या तारणाची किंमत कर्जाच्या मागे पडली आणि कित्येकांचे दागिने लिलावात गेले. सोने जवळ असणे वेगळे आणि सोन्यावर कर्ज असणे वेगळे.

केवळ भाववाढीसाठी सोने हवे असेल, तर घडणावळ न देता ते घेता येते. शासनाचे सार्वभौम सुवर्णरोखे हा त्यातला उत्तम मार्ग होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये ग्रॅमला २,६८४ रुपयांनी दिलेला पहिला रोखा नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत घेतला गेला आणि मधल्या आठ वर्षांत व्याज मिळाले ते निराळे. फेब्रुवारी २०२४ च्या मालिकेनंतर मात्र नवे रोखे आलेले नाहीत. आता गोल्ड ईटीएफसारखी साधने उरतात. आबांनी यांतले काही घेतले नाही. “हातात नाही ते सोनं कसलं?” हा त्यांचा सवाल. एका अर्थी त्यांचे बरोबरच आहे. त्यांच्या व्यवसायात सोने हाच माल आहे, आणि माल हातात लागतो. म्हणूनच व्यवसायाचे सोने आणि संसाराचे सोने यांच्या दोन वह्या असाव्यात, एवढाच माझा आग्रह होता. भट्टीवरच्या चोरीत किंवा व्यापारातल्या बुडीत येण्यात घरचे सोनेही वाहून गेल्याची उदाहरणे या पेठेत कमी नाहीत.

भिशीचे गणित

गलाई बांधवांची खरी बँक म्हणजे भिशी. वीस जण, दरमहा दहा हजार, वीस महिने. दर महिन्याला दोन लाखांचा लिलाव. ज्याला निकड असेल तो कमी रकमेवर बोली लावतो, सुटलेली रक्कम सर्वांत वाटली जाते. ओळखीच्या माणसांमध्ये चालणारी ही व्यवस्था जितकी सोपी, तितकेच तिचे व्याज डोळ्यांआड राहणारे. आमच्या एका तरुण ग्राहकाने बहिणीच्या लग्नासाठी तिसऱ्याच महिन्यात दीड लाखांवर भिशी उचलली. “मॅडम, बिनव्याजी पैसे मिळाले,” असे तो सांगत आला. आम्ही दोघांनी मिळून पासबुकाच्या पाठीमागे हिशेब केला. त्याने तोवर भरलेले तीन हप्ते सुमारे साडेबावीस हजार. म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या हाती नवे आले ते १,२७,५००. पुढील सतरा महिने सूट वजा जाता सरासरी नऊ हजार धरले तरी भरायचे १,५३,०००. जादा २५,५००. दरमहा घटत्या शिल्लक रकमेवर हा दर शेकडा दोनहून किंचित अधिक, वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या घरात जातो. तेवढीच रक्कम सोनेतारणावर वर्षाला दहा टक्के दराने घेऊन मासिक हप्त्यांनी फेडली असती, तर व्याज दहा हजारांच्या आत राहिले असते.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “पण बँकेत बहिणीचं लग्न हाय म्हणून सांगितलं तर कागद मागत्यात. भिशीत कोण कागद मागत न्हाई.” या वाक्यावर आम्ही बँकवाल्यांनी विचार करायला हवा. माणूस महाग पैसा घेतो तो नेहमी अज्ञानाने घेतो असे नाही. पुष्कळदा तो अपमान टाळण्यासाठी घेतो.

भिशी वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. अखेरच्या महिन्यांपर्यंत न उचलणाऱ्याला ती सक्तीची बचत घडवते आणि बऱ्यापैकी परतावाही देते. परंतु तोंडी भिशी बुडाली तर दाद कोठे मागणार? १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी झालेल्या चिट फंडात चालकाच्या मोबदल्याला कमाल सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि निबंधकाकडे तक्रार करता येते. कर्नाटकात अशा नोंदणीकृत चिट फंडांचे चलन मोठे आहे. त्याउपर ‘महिन्याला पाच टक्के देतो’ म्हणणारा कोणी भेटला, तर तो आपल्या गावचा, भावकीतला वा देवमाणूस असला तरी त्याच्यापासून दूर राहावे. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेवी गोळा करण्यास बंदी आहे. पण कायद्याने परत मिळणारा पैसा फार उशिरा आणि फार थोडा मिळतो.

नव्या पिढीची भिशी मोबाइलमध्ये आहे. भट्टीवरचे एक-दोन पोरगे जेवणाच्या सुट्टीत शेअर बाजारातील ‘ऑप्शन’ खेळतात, हे मला त्यांच्या खात्यातील नोंदींवरून कळले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत अशा वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. मी तो आकडा छापून काउंटरवर लावला. एकाने वाचून विचारले, “म्हंजे सात टक्के लोकांना फायदा झाला न्हवं?” यापुढे काय बोलावे!

दुसरा मजला

आता आबांच्या दुसऱ्या मजल्याकडे वळू. गावच्या यात्रेपूर्वी बांधकाम पुरे करायचे म्हणून त्यांनी पत्नीचे दागिने तारण ठेवून चार लाखांचे कर्ज घेतले, ते आमच्या शाखेत नव्हे. मुदत एक वर्ष, व्याज मुद्दलासह शेवटी. वर्ष संपले तेव्हा हाती पैसे नव्हते, म्हणून व्याज मुद्दलात मिळवून कर्ज नवे केले. असे तीनदा झाले. दर दहा टक्के धरला तरी चार लाखांचे पहिल्या वर्षाअखेर ४,४०,०००, दुसऱ्या वर्षी ४,८४,०००, तिसऱ्या वर्षी ५,३२,४००. आबांनी एक रुपयाही फेडला नव्हता, आणि आपण कर्ज ‘चालू ठेवले आहे’ अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. सोन्याचा भाव चढता असल्यामुळे कोणी तगादाही लावला नाही. चढत्या भावाचा हाच धोका असतो.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जाबाबत नवे निर्देश जारी केले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही मुदत दिली. त्यानुसार उपभोगासाठी घेतलेल्या एकरकमी परतफेडीच्या कर्जाला बारा महिन्यांची मर्यादा आहे आणि साचलेले व्याज भरल्याखेरीज त्याचे नूतनीकरण होत नाही. कर्जाचे प्रमाणही ठरले आहे: अडीच लाखांपर्यंत तारणमूल्याच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. एकरकमी परतफेडीत हे प्रमाण मुदतीअखेरच्या व्याजासह मोजायचे आहे. पूर्ण फेड झाल्यावर दागिने सात कामकाजी दिवसांत परत न केल्यास, दोष संस्थेचा असेल तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. चिकपेटेतील ग्राहकांसाठी आणखी एक मुद्दा: व्यक्तीला कर्ज मिळते ते दागिन्यांवर व ठरावीक वजनापर्यंतच्या नाण्यांवर, लगडीवर वा बिस्किटावर नाही. शुद्ध सोने आणून ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांना हे पटवणे फार कठीण जाते. “दागिन्यात भेसळ, आमच्यात न्हाई, तरी दागिनाच चालतो?” असे एकाने आमच्या मूल्यमापकाला सुनावले. त्याच्या टंचाला आव्हान देण्याची आमच्या मूल्यमापकाची प्राज्ञा नव्हती.

आबांना मी एकच सुचविले. चार तोळ्यांचा एक जुना हार, जो वहिनी कधी घालत नाहीत, तो मोडावा आणि मिळतील तेवढे पैसे कर्जात भरावेत. उरलेल्याचे मासिक हप्ते करून घ्यावेत. घरातले सोने मोडणे म्हणजे अवलक्षण, असे आपल्याकडे मानतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे दागिने मोडणाऱ्या आबांनाही स्वतःचा दागिना मोडवेना. ते आठ दिवस शाखेत फिरकले नाहीत. नवव्या दिवशी वहिनीच आल्या आणि म्हणाल्या, “हार मोडला. यांनी सोता वितळवला. रडत होते.”

रोजच्या बचतीविषयी मात्र या लोकांना शिकविण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नव्हते. रोजची कमाई रोज येते, म्हणून बचतही रोजची, हे त्यांचे शहाणपण. पिग्मी ठेवीचा जन्मही याच राज्यातला. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये घरोघर जाऊन रोज दोन आणे गोळा करण्याची योजना सुरू केली. ती बँक एप्रिल २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण ‘पिग्मी’ हा शब्द कर्नाटकाप्रमाणेच सांगली-कोल्हापुरातही घरोघरी रुजला आहे. रोज शंभर रुपये म्हणजे वर्षाला साडेछत्तीस हजार. पिग्मीचे व्याज कमी असते. तेव्हा वर्षाअखेर ती रक्कम तेथेच न ठेवता पुढे न्यावी. दरवर्षी छत्तीस हजार आर्थिक वर्षाच्या प्रारंभी भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक खात्यात, अर्थात पीपीएफमध्ये, भरले आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेला ७.१ टक्के दर कायम राहिला असे मानले, तर पंधरा वर्षांत भरलेल्या ५,४०,००० चे सुमारे ९,७६,००० होतात. रक्कम महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भरावी, नाहीतर त्या महिन्याचे व्याज बुडते. ही साधी गोष्ट पदवीधरांनाही ठाऊक नसते.

आता एक प्रसंग सांगते. तो लिहावा की नाही, याचा मी बराच विचार केला.

२०२३ च्या पावसाळ्यात आमचा एक गलाई ग्राहक हृदयविकाराने अकस्मात गेला. वय एक्केचाळीस. महिन्याभराने त्याची पत्नी शाखेत आली. हातात एका पिशवीत कागद: सराफांनी दिलेल्या कच्च्या चिठ्ठ्या, भिशीची वही, गावच्या पतसंस्थेची कर्जाची नोटीस. कोणाकडे किती ग्रॅम सोने येणे आहे, हे त्या चिठ्ठ्यांवरच्या खुणांत होते. त्या खुणा वाचणारा माणूस गेला होता. तीन लाखांची मुदत ठेव आमच्याकडे होती. पावती काढून पाहिली. वारसाचा रकाना कोरा. आदल्या वर्षी त्या ठेवीचे नूतनीकरण मीच केले होते. दिवस गर्दीचा होता. “नामनिर्देशन नंतर भरू,” असे तो म्हणाला आणि मी बरे म्हटले. कोऱ्या राहिलेल्या त्या एका रकान्यामुळे तिला प्रतिज्ञापत्रे, गावाकडील सासूबाईंची व दिरांची संमती, हमीदार असे सोपस्कार करत चार महिने फेऱ्या घालाव्या लागल्या. या कालावधीत मुलीच्या शाळेची फी तिने मंगळसूत्रातील वाट्या ठेवून भरली, हे मला मागाहून कळले.

तिच्या नवऱ्याच्या पासबुकात मला मेअखेरची ४३६ रुपयांची एक नावे नोंद दिसली. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. खाते उघडताना कधीतरी त्याने अर्जावर खूण केली असावी. त्यालाही ते स्मरत नसेल. त्या नोंदीने दोन लाख रुपये मिळाले. जवळच वीस रुपयांची अपघात विम्याची नोंद होती. मृत्यू अपघाती नसल्याने ती लागू झाली नाही. सराफांपैकी चौघांनी चिठ्ठ्या न बघता सोने परत आणून दिले. दोघांनी हात वर केले.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येतात, त्यांचे हिस्सेही ठरवता येतात. आमच्या शाखेत मी आता रकाना कोरा असलेला अर्ज पुढे सरकू देत नाही. यावरून ग्राहक चिडतात, मागे रांग वाढते, कधी सहकारीही कुरकुरतात.

मागच्या आठवड्यात आबा आले होते. कर्जाचे सात हप्ते उरले आहेत. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना अद्याप तावदाने बसलेली नाहीत; तेथे सध्या गोणपाट लावले आहे. नामनिर्देशनाचा अर्ज पुढे केला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वहिनींचे नाव लिहिण्यापूर्वी मला विचारले, “ताई, तिचं माहेरचं नाव लिवायचं का लग्नातलं?” आधार कार्डावर असेल ते, असे मी म्हटले. ते कार्ड गावच्या कपाटात होते. आता यात्रेला गेल्यावर ते घेऊन येणार आहेत. तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे.